एलईडीने डोळे जात नाहीत आणि बोंडअळीही येत नाही

आमच्या भागात सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. बचत गटाच्या ग्रुपवर, कपाशीवाल्यांच्या ग्रुपवर, सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. त्यात म्हटलंय की एलईडीच्या पांढऱ्या उजेडाने डोळ्यांचा पडदा जळतो, पोरांच्या चष्म्याचा नंबर वाढतो, कॅन्सर होतो. एलईडीमुळेच कपाशीवर बोंडअळी वाढली. बटन बंद केलं तरी हा बल्ब वीज खातो. परदेशांनी त्यावर बंदी घातली. म्हणून आजच काढून फेका आणि जुना पिवळा बल्ब लावा. खाली 'जनहितार्थ जारी', पण कोणी जारी केलं त्याचा पत्ता नाही.

हा मेसेज माझ्या मोठ्या आईपर्यंत पोचला. तिची नात दहावीला आहे. "तो पांढरा लाइट पोरीचे डोये खाते म्हणते बाप्पा," असं म्हणून तिने अभ्यासाच्या खोलीतला एलईडी काढला आणि माळ्यावर पडलेला 60 वॉटचा जुना बल्ब लावला. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावाचं व्होल्टेज पडतं, आणि तो बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लाल दिसतो. त्या उजेडात पोरगी भूमितीच्या आकृत्या काढते आहे. मेसेज पाठवणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणून मला लिहावं लागतं आहे.

आधी डोळ्यांचंच घेतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं आहे.

पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळ्या रंगाचा भाग असतो, हे खरं. फार तीव्र निळा उजेड डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो, हेही खरं. मेसेजवाल्याने एवढंच उचललं आणि 'किती' हा प्रश्न सोडून दिला. भर दुपारच्या उन्हात उजेड लाखभर लक्सपर्यंत जातो (लक्स हे उजेड मोजायचं माप). घरातल्या 9 वॉटच्या बल्बखाली टेबलावर तो शंभर-दोनशे लक्सच्या आसपास असतो. उन्हातही निळा भाग असतोच, आणि बल्बपेक्षा कितीतरी पट जास्त. दिवसभर वावरात निंदण करणाऱ्या बाईचा पडदा जळत नाही, मग खोलीतल्या बल्बने दहावीच्या पोरीचा कसा जळेल?

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. युरोपीय आयोगाच्या, आरोग्य आणि पर्यावरणाचे धोके तपासणाऱ्या वैज्ञानिक समितीने नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. 2018 साली तिने आपलं मत दिलं: निरोगी सर्वसामान्य माणसांना एलईडी दिव्यांच्या नेहमीच्या वापरातून थेट अपाय होतो, असा पुरावा नाही. त्याच समितीने हेही सांगितलं की लहान मुलांचे डोळे निळ्या उजेडाला जास्त संवेदनशील असतात आणि दिवा थेट डोळ्यांवर आला तर त्रास होतो. म्हणजे दिवा नजरेच्या रेषेत टांगू नका, वर लावा. तो काढून अंधार करा, असं कोणी सांगितलं नाही.

चष्म्याच्या नंबराचं म्हणाल, तर पोरांचा नंबर वाढण्याशी जवळचं काम आणि मोकळ्या उजेडात कमी खेळणं यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. पोरांना दुपारनंतर अंगणात सोडा. त्यासाठी बल्ब बदलायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. झोपायच्या वेळी डोक्यावर भगभगीत पांढरा उजेड असला तर झोप उशिरा लागते. पण त्याला औषध जुना बल्ब नाही. वेष्टनावर 6500 के लिहिलेलं असतं तो पांढरा, 2700 किंवा 3000 के लिहिलेलं असतं तो पिवळसर एलईडी. निजायच्या खोलीत तो लावा. पिवळा उजेड हवा असेल तर पिवळा एलईडी दुकानात मिळतो, ही साधी गोष्ट त्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेच नाही.

आता व्होल्टेज. जुन्या बल्बमध्ये तार तापून उजेड होतो. 230 व्होल्टच्या जागी 170 आलं तर त्याचा उजेड जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो. चांगल्या एलईडीच्या आत ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं, ते एवढ्या चढउतारात उजेड बराचसा सारखा ठेवतो. शहरात बसून मेसेज लिहिणाऱ्याला याची किंमत कळणार नाही. आमच्याकडे शिकणाऱ्या पोरांसाठी हाच एलईडीचा सगळ्यात मोठा फायदा आहे, विजेच्या बिलापेक्षाही मोठा.

बोंडअळीचं वाचून तर डोकंच फिरलं. 2017 साली यवतमाळपासून अकोल्यापर्यंत कपाशीची बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघत होती, ते वर्ष इथे कोणी विसरलेलं नाही. त्या दुःखाला बल्बशी जोडायचं? या अळीने बीटी कपाशीत अळी मारण्यासाठी घातलेल्या पहिल्या जनुकाला दाद देणं सोडल्याची कबुली बियाणं आणणाऱ्या कंपनीनेच 2010 साली दिली होती, गुजरातमधल्या चार जिल्ह्यांबाबत. घराघरात स्वस्त एलईडी नेणारी केंद्राची उजाला योजना सुरू झाली जानेवारी 2015 मध्ये. बल्ब यायच्या आधीच अळी तयार झाली होती. नंतर दुसरं जनुकही निकामी झालं, आपण फरदड घेत राहिलो, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवत राहिलो, पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) ढीग धुऱ्यावर तसेच राहिले, आणि अळीला वर्षभर आसरा मिळाला. पतंग उजेडाकडे येतात हे खरं, पण ते सगळ्यात जास्त ओढले जातात अतिनील किरणांकडे. घरगुती एलईडीत ते जवळजवळ नसतात, चौकातल्या जुन्या मर्क्युरी दिव्यात भरपूर असत. फरदड बंद करा, पऱ्हाटी वेळेत उपटा, मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावा. बल्बकडे बोट दाखवलं की ही तिन्ही कामं मागे पडतात, म्हणून हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, धोक्याचाही आहे.

कॅन्सरचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं आहे. वर्षानुवर्षं रात्री जागून झोपेचं चक्र मोडणं हा तिथला विषय आहे, स्वयंपाकघरातला बल्ब नाही.

परदेशातल्या बंदीची बातमी तर उलटीच आहे. युरोपने 2009 ते 2012 या काळात टप्प्याटप्प्याने जुने तारेचे बल्ब बाजारातून काढले. अमेरिकेत 2023 पासून वॉटमागे 45 लुमेनपेक्षा (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) कमी उजेड देणारा साधा बल्ब विकता येत नाही, आणि जुना बल्ब पंधराच्याही वर जात नाही.

बिलाचा हिशोब ज्याने त्याने करावा. 60 वॉटचे चार बल्ब रोज पाच तास जळले तर महिन्याला 36 युनिट. 9 वॉटचे चार एलईडी जळले तर साडेपाचही नाही. घरगुती बिलात 100 युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर वाढतो, हे ज्याच्या घरी बिल येतं त्याला माहीत आहे. शिवाय जुना बल्ब खाल्लेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णताच करतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना ती खोलीत कोणाला हवी आहे?

हो, एका ठिकाणी ती हवी असते. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला जुना बल्ब कामाचा, ते काम एलईडीचं नाही. आणि बाजाराच्या दिवशी ढिगातून घेतलेले बिननावाचे एलईडी दोन-चार महिन्यांत जातात, लुकलुकतात, ही लोकांची तक्रारही खोटी नाही. उष्णतेने आणि व्होल्टेजच्या झटक्याने त्यांचा ड्रायव्हर मरतो. घेताना वेष्टनावर बीआयएसचं (भारतीय मानक संस्थेचं) चिन्ह, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि वॉरंटी बघा, दुकानदाराकडून तारीख टाकून घ्या.

राहिला बंद केल्यावर मिणमिणणारा बल्ब. हे होतं, मीही पाहिलं आहे. कधी बटनातल्या छोट्या लाल इंडिकेटरमधून थोडा करंट जातो, त्याने फार काही बिघडत नाही, बिलात तो दिसतही नाही. पण कधी फिटिंग करणाऱ्याने बटन फेजवर (करंट आणणाऱ्या तारेवर) न टाकता न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) टाकलेलं असतं. तसं असेल तर बटन बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. जुना बल्ब अशा वेळी गप्प असतो, एलईडी मिणमिणून दाखवून देतो. तुमच्याकडे असं होत असेल तर बल्ब फेकू नका, वायरमनला बोलावून टेस्टरने तपासून घ्या आणि बटन फेजवर घ्यायला सांगा. तोवर बल्ब बदलायचा असेल तर मेन स्विच पाडूनच होल्डरला हात लावा, पावसाळ्यात ओल्या भिंतीजवळ तर नक्कीच.