मनाची काळजी घ्या, समुद्र फुकट आहे

झोप लागत नाही? जेवण जात नाही? उठून दात घासायचाही कंटाळा येतो? हे तुमचे मनाचे खेळ आहेत, कारण तुम्ही देवगडात राहता आणि इथे असले आजार होतच नाहीत. मी नाही म्हणत, गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात एक सर सांगून गेले. मुंबईचे लाइफ कोच. मे महिन्यात गावाला आलेल्या चाकरमान्यांच्या मंडळाने आणलेले, शाल, श्रीफळ आणि हापूसची एक पेटी देऊन (यंदा बागायतवाल्यांच्या घरात आमरसाला आंबा नाही, पण सरांना पेटी, असो). तर सरांचे आणि त्यांच्या मागोमाग गावभर सुटलेले सगळे उपाय इथे एकत्र देते, फ्रीजवर चिकटवून ठेवा.

सगळ्यात जालीम उपाय म्हणजे समुद्रावर जाऊन बसा. लोक एवढे पैसे खर्चून येतात, सुरमई थाळी खातात, पवनचक्कीकडे फोटो काढतात, आणि तुम्ही मेले दारात समुद्र असून टेन्शन घेता! आता आमच्या दादाला, म्हणजे चुलतभावाला, हा उपाय का लागू पडत नाही देव जाणे. त्याच्या कलमांना मोहोर आला, मग अवकाळी पाऊस आला, मग परत मोहोर आला, त्यावर थ्रिप्सची कीड आली, मग फवारणी, मग अजून एक फवारणी, औषधवाल्याची उधारी, राखणीच्या नेपाळी गुरख्यांचा पगार, वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल, सोसायटीचं कर्ज, आणि एवढं करून राहिले ते चार आंबे वांदरांनी खाल्ले. लाटांचा आवाज ऐकला की उचल फिटते हे सरांना माहीत आहे, दलालाला अजून कोणी कळवलेलं नाही. आणि हाच उपाय जरा खाली बंदरावरही जाऊन सांगा ना. जून-जुलै मासेमारी बंदी, त्याआधी कर्नाटकातले मलपीवाले ट्रॉलर येऊन समुद्र खरवडून गेलेले, एलईडी दिवे लावून मासे ओढणारे वेगळेच, डिझेलची उधारी, खलाशी अॅडव्हान्स घेऊन पळालेले. त्यांना म्हणा, काका, जरा समुद्राकडे बघा, किती शांत वाटतं. पण सांगताना दोन हात लांब उभे राहा.

पहाटे पाचला उठा. जो दोन वाजल्यापासून पडवीत येरझाऱ्या घालतोय त्याने तर नक्कीच उठावं.

पॉझिटिव्ह विचार करा. संपलं, एवढंच.

मोबाईल कमी वापरा. हे ज्ञान व्हॉट्सअॅपवर रोज गुलाबाच्या फुलासकट येतं, आणि आमच्या वाडीत ते डाउनलोड करायला सड्यावर जावं लागतं, म्हणजे चालण्याचा व्यायाम आपोआप होतो.

लग्न झालेलं नसेल तर करून टाका. झालेलं असेल तर एक मूल होऊ द्या. दोन असतील तर मग काय, तुमका कसला टेन्शान?

देवाक गाऱ्हाणा घाला. हा उपाय आम्ही केलाय बरं का, नारळ झाला, कोंबडा झाला, तेव्हा कळलं की मूळपुरुषाचं काहीतरी करायचं राहिलंय आणि शिवाय चुलत्यांपैकी कोणीतरी ‘केलेलं’ आहे. चुलते म्हणजे आम्हीच. त्यानंतर बरेच दिवस वहिनी आमच्याकडे विरजणही मागायला आली नाही. आजार तिथेच राहिला, भांडण तेवढं नवीन मिळालं.

आणि एवढ्यावर कोणी डॉक्टरकडे जायचं नाव काढलंच, तर ‘हेका रत्नागिरीक धाडूक व्हया’ म्हणून सगळ्यांनी मिळून हसा. तिथलं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासूनचं आहे आणि आपला विनोदही तेव्हापासून तोच आहे.

आता शेवटचा उपाय, यावर सरांना सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. ‘गोळ्या म्हणजे मनाच्या कुबड्या, फेकून द्या!’

दादा दुसऱ्या ओळीत बसला होता.

त्याला महिनाभरापूर्वी वहिनीने मनाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. गावात कोणाला कळू नये म्हणून फोंडाघाट चढून कोल्हापूरला, आणि शेजारी सांगितलं पोटाचं दाखवायला जातोय. गोळ्यांची पाकिटं ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, कारण आपल्याकडे कोणीही कधीही आत येऊन कपाट उघडतं. रोज रात्री गोळी दिली की ती कालनिर्णयवर त्या तारखेखाली पेनाने बारीक टिंब काढायची, सासूलाही कळू नये असं. हळूहळू दादा दोन घास जेवायला लागला. माडांना पाणी सोडलं नाही म्हणून एका सकाळी गड्यावर ओरडला, तर वहिनीला इतका आनंद झाला की तिने त्या गड्यालाच चहा करून दिला. आणि मग हे सर आले. रविवारच्या चौकटीनंतर टिंब नाही. पुढच्या काही दिवसांत त्याला चक्कर, हातापायाला झिणझिण्या, नुसती घालमेल, आणि रात्री परत पडवीत येरझाऱ्या. वहिनी रडत आमच्याकडे आली. सर तोपर्यंत पेटी घेऊन मुंबईला पोचले होते.

बस झालं आता उपरोधिक बोलणं. अहो, त्या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, थांबवायच्या वेळी डॉक्टर डोस हळूहळू कमी करत आणतात. एका झटक्यात बंद केल्या तर असला त्रास होतो आणि आजारही उलटू शकतो, हे ज्याला माहीत नाही त्याला माईक देता कशाला? फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं तर माणसाला पॉझिटिव्ह विचार करायला लावता की गाडीत घालून सरकारी दवाखान्यात पळवता? मग इथेच का सगळे शहाणे होतात?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, मनाच्या आजारावर सरकारी उपचार मिळणं हा हक्क आहे, विमा कंपनीनेसुद्धा तो इतर आजारांसारखाच धरायचा आहे. ‘टेलिमानस’ या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं, २०२२ पासून सुरू आहे. सभामंडपात त्या सरांचा सहा फुटी बॅनर लावलात, हे पाच आकडे खडूने तरी लिहिलेत का कुठे? रात्री दोनला वहिनीने कोणाला फोन करायचा होता, तुमच्या सरांना?

दादाला परत कोल्हापूरला नेऊन आणलाय, गोळी पुन्हा सुरू आहे. तर मंडळवाल्यांनो, पुढच्या मे महिन्यात व्याख्यानच ठेवायचं असेल तर शिकलेला सायकियाट्रिस्ट आणा, मानधन जास्त पडलं तर वर्गणी मी देते. ते जमत नसेल तर दशावतार ठेवा, त्यात निदान संकासुर राक्षस कोण ते तोंडावरून कळतं. आणि वाडीतल्या ज्या ज्या लोकांना दादाची एवढी काळजी आहे की रोज येऊन पडवीत बसून एकेक उपाय सांगून जातात, त्यांनी पुढच्या तारखेला आपली गाडी काढा. एसटीने घाटात त्याला उलट्या होतात.