करारावर लाथ मारली म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा तो फॉरवर्ड पुन्हा आला. एका फोटोत हेल्मेट घातलेला धिप्पाड माणूस, शेजारी तोच ट्रॅक्टरवर. खाली मजकूर: ‘जेसन ब्राउनने ३७ मिलियन डॉलरच्या करारावर लाथ मारली, यूट्यूबवर शेती शिकला, आज हजारोंना जेवू घालतो. आपल्या पोरांना मात्र शेतीची लाज!’

माणूस खरा आहे. गोष्ट मात्र वाटेत बरीच गळलीय.

आधी ती लाथ. ब्राउन अमेरिकन फुटबॉलमधला ‘सेंटर’ होता, म्हणजे चेंडू दोन पायांतून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चाल रचणाऱ्या खेळाडूकडे देऊन त्याच क्षणी समोरच्या पहिलवानाला अंगावर घेणारा. बाल्टिमोर रेव्हन्स या संघाकडून चार हंगाम खेळल्यावर २००९मध्ये सेंट लुईस रॅम्स या दुसऱ्या संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा साडेसदतीस मिलियनचा करार केला. तेव्हा कुठल्याच सेंटरला इतके पैसे मिळत नव्हते. त्यातले तीन हंगाम तो खेळला, त्यांचे पैसे घेतले आणि मार्च २०१२मध्ये रॅम्सनेच त्याला मोकळं केलं. एनएफएलमधला, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला करार असाच असतो: आकडा पाच वर्षांचा छापून येतो, हमी त्यातल्या काही रकमेचीच, बाकी संघाची मर्जी. तेव्हा लाथ मारायला करार उरलाच कुठे होता? त्याने नाकारलं ते दुसऱ्या संघांकडून आलेलं बोलावणं. वय २८. एजंट म्हणाला, आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करतोयस. हे पाणी सोडणंही लहान नव्हतं, उगाच फुगवायची गरज नव्हती.

यूट्यूबचं खरं आहे, तो स्वतःच सांगतो. पण व्हिडिओ फुकट मिळतात, जमीन नाही. नॉर्थ कॅरोलायनात लुईसबर्गजवळ त्याने घेतलेली जमीन हजार एकर आहे, तीही फुटबॉलच्या कमाईतून. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी सव्वातीन एकर येते. आपल्या पोरांना टोमणा मारणाऱ्याने एवढा भागाकार तरी करावा.

आणि त्याने हे का केलं, ते फॉरवर्डमध्ये नाहीच. त्याचा थोरला भाऊ लन्सफर्ड सैन्यात होता. २००३मध्ये इराकमध्ये मारला गेला, २७ वर्षांचा असताना. जेसनला स्वतःला सत्ताविसावं लागलं, तेव्हा त्या भावापुढे आपण काय केलं, हा प्रश्न त्याला छळू लागला. शेताचं नाव ‘फर्स्ट फ्रूट्स’ बायबलमधल्या कल्पनेवरून: पिकातलं पहिलं देवाचं, म्हणजे भुकेल्यांचं.

राहिलं जेवू घालणं. २०१४ला पाच एकरांत लाखभर पौंड, म्हणजे ४५ टन रताळी निघाली. स्वयंसेवकांनी ती गोळा केली आणि सगळी वाटली गेली. दान म्हणून थोरच. पण जो माल विकायचाच नाही, त्याला भाव पडल्याची झळ लागत नाही. घर चालवण्यासाठी शेती करणाऱ्याला हा दाखला देण्यात काय अर्थ आहे?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वाद कोणी घातला नाही. शेती करणाऱ्या मावसभावाने मात्र विचारलं, “काढणीला बिनपगारी माणसं कुठं मिळतात रे?”