तिला एकटीला विचारू द्या

परभणीत वसमत रोडवर आमचा कट्टा आहे. कट्टा म्हणजे कायमच्या बंद झालेल्या एका दुकानाच्या पायऱ्या, समोर मावशींचा चहाचा गाडा आणि संध्याकाळी सातनंतर जमणारे आम्ही पाच-सहा जण. परवा तिथं जो वाद झाला तो लिहून काढतोय. त्या वादात माझा आवाज चढला होता, आणि दोन दिवस विचार करूनही माझं म्हणणं मला चूक वाटत नाही.

विषय धाकल्यानं काढला. वयानं सगळ्यात लहान म्हणून तो आमचा धाकला. त्याच्या लग्नाला आत्ता चौदा महिने झाले. खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. एका विद्यापीठात पीएचडी करणारी मुलगी त्यांच्या गल्लीत येऊन गेली होती. लग्नाला दोन वर्षं व्हायची आहेत अशी जोडपी तिला अभ्यासासाठी हवी होती. दरवर्षी एक अशा तीन वर्षांत तीन मुलाखती, आणि नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या.

"बायको हो म्हणून मोकळी झाली. मी म्हणलो, बघू," धाकला म्हणाला.

"बघायचं काय त्यात? नाही म्हणून टाक," अण्णा लगेच म्हणाले. "घरातलं घरात राहावं. आज हिला सांगितलं, उद्या गल्लीत होईल."

मेडिकलवाल्याला दुसरंच खटकलं होतं. "वेगवेगळं कामून इचारायचं? नवरा-बायको हाय ना, मग बसवा की शेजारी. वेगळं बसवलं की नसलेलं भांडण लागतंय."

इथं मला राहवलं नाही.

आमच्या घरी असंच कुणीतरी प्रश्नांचा तक्ता घेऊन आलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली. वहिनी तेव्हा नवीन होती. ओसरीवर बसून लसूण सोलत होती. बाई प्रश्न विचारायची वहिनीला, आणि उत्तर यायचं उंबऱ्यात बसलेल्या आईकडून. 'माहेरी किती वेळा जाता?' 'जाती की, मन होईल तवा जाती.' 'दवाखान्याचं कुणी ठरवतं?' 'तीच ठरवती, आमचं काही म्हणणं नसतंय.' वहिनी मान हलवायची. लसणाची एकच पाकळी ती कितीतरी वेळ नखानं सोलत होती, टरफल कधीचंच निघालं होतं. मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. त्या वर्षी वहिनी एकदाच माहेरी गेली होती, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. कुठल्यातरी तक्त्यात आमचं घर चांगलं म्हणून नोंदलं गेलं असणार. आई वाईट नव्हती. घराची अब्रू राखायची म्हणून ती बोलली. पण उत्तर वहिनीचं नव्हतं.

"म्हणून वेगळं विचारायचं," मी म्हणालो. आवाज चढला तो इथं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मास्तरांनी चष्मा पुसला, म्हणजे आता ते सांगणार हे आम्हाला कळलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९८६ साली असा अभ्यास सुरू झाला. नुकतीच लग्नं झालेली ३७३ जोडपी घेतली आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडे परत परत जात राहिले. सोळा वर्षांनी बघितलं तर ४६ टक्के जोडप्यांचे घटस्फोट झालेले.

"परत परत कशाला? एकदाच सगळं विचारून घ्यावं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षात काय झालं ते आज सांगा बरं," मास्तर म्हणाले. अण्णा विचारात पडले. "आज जे आठवतंय ते आजच्या डोळ्यांनी आठवतंय. पुढं संसार चांगला झाला तर पहिलं वर्षही गोड वाटतं, बिघडला तर पहिल्या दिवसापासूनच खोट दिसायला लागते. म्हणून त्या त्या वर्षी विचारायचं. आणि ज्यांचं जमलं नाही त्यांनाही सोडायचं नाही. नाहीतर शेवटी सुखी लोकांचाच हिशोब हातात राहतो."

त्या अभ्यासातली एक गोष्ट ऐकून मेडिकलवाला उठून उभा राहिला. नवऱ्याची सासू-सासऱ्यांशी जवळीक असली तर तिथं घटस्फोटाची शक्यता २० टक्क्यांनी कमी निघाली. बायकोची तिच्या सासू-सासऱ्यांशी जवळीक असली तर मात्र २० टक्क्यांनी जास्त.

"म्हणजे सुनेनं सासूशी चांगलं वागायचंच नाही का आता?"

मास्तर म्हणाले, तिथली सून वेगळ्या घरात राहते, किती जवळ जायचं ते ती ठरवते. आपल्याकडं सून सासूच्याच चुलीवर स्वयंपाक करते. तिथला आकडा उचलून परभणीला लावता येत नाही. मला हे फार पटलं. आपल्या घरांबद्दल आपल्याला काही कळायला हवं असेल तर आपल्याच माणसांनी बोलायला पाहिजे, मिशिगनची जोडपी आपल्या वतीनं किती दिवस बोलणार?

आणि आपल्याकडं बोलायला कमी नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात साधारण २२ टक्के निघालं. आपल्या परभणीत ४८. शंभरातल्या अठ्ठेचाळीस जणी. हा टक्का पेपरात आला, चार दिवस हळहळ झाली. पण त्या पोरींचं पहिलं वर्ष कसं गेलं, शाळेचं दप्तर कुठं गेलं, रात्री कुणाजवळ रडल्या, हे त्या टक्क्यात दिसत नाही. ते बसून ऐकावं लागतं.

वकिलांनी तेवढ्यात कागद हातात घेतला होता. ते बाजूनं का विरोधात हे शेवटपर्यंत कळत नाही, पण त्यांनी जे विचारलं ते प्रत्येकानं विचारावं असं आहे. माहितीपत्रक मराठीत आहे का? आहे. प्रश्न नको वाटला तर सोडता येईल, मधूनच बाहेर पडता येईल, असं लिहिलंय का? लिहिलंय. नावाच्या जागी क्रमांक राहणार का, रेकॉर्डिंग कुठं ठेवणार, तक्रार करायची तर अशा अभ्यासांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा नंबर कुठाय, सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याला मिळणार का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबद्दल स्पष्ट आहेत, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "आणि पोरगी आजच अठराच्या आतली असेल तर पॉक्सो आहे, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा. कळल्यावर कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते आधीच सांगायला पाहिजे. विश्वासानं बोलली अन् मग दारात पोलीस, असं होऊ नये."

धाकल्याची बायको तेवीसची, तो प्रश्न तिथं नव्हता. पण मला वकिलांचं हे बोलणं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. माणूस मन उघडं करतो तेव्हा पुढं काय होणार हे त्याला आधी कळलंच पाहिजे.

मावशी गाळणं झटकत सगळं ऐकत होत्या. त्या मूळच्या बीडकडच्या, पंधरा वर्षं ऊसतोडीला गेलेल्या.

"आमाला कुणी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "हळद निघाली न्हवती तर मुकादमाची उचल घेतलेली. कोयता म्हणजे नवरा-बायकू दोघं, एकट्याला उचल कमी. म्हणून तर लग्न घाईनं. पहिलं साल कोपीत गेलं. पाचटाची कोपी, तिला कडी न्हाई. पहाटं तीनला उठायचं, डोक्यावर मोळी. नवऱ्याशी दोन शब्द बोलायला येळ न्हवता, भांडायला कुठून असंल? आता तुमची ती पोरगी दिवाळीनंतर गावात गेली तर काय घावंल तिला? कुलपं."

यावर अण्णासुद्धा गप्प झाले. मी तर हे कधी मनातच आणलं नव्हतं. संशोधन करणाऱ्यानं पावसाळ्यात यायला हवं, कोयते गावात असताना. नाहीतर मराठवाड्यातल्या नव्या संसारांचा अभ्यास होईल आणि त्यात आपले सगळ्यात कष्टाचे संसारच नसतील.

विचारलं की काय बाहेर येतं हे बीडनं दाखवलंय. २०१९ साली शासनानं समिती नेमली, ऊसतोडीच्या ८२,३०९ बायांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे घराघरांत माहीत होतं. बाया बोलल्या तेव्हा ते राज्याला कळलं. अण्णांचं 'घरातलं घरात' मी त्या वेळी याच गोष्टीवर खोडून काढलं, आणि अण्णांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "पण पोराची मर्जी बघा."

"पोराची आणि पोरीची. दोघांच्या सह्या वेगवेगळ्या आहेत," वकील कागदावर बोट ठेवून म्हणाले. "तिच्या हो ला तुझी परवानगी लागत नाही, अन् तुझ्या नाही नं तिचं हो खोडत नाही."

धाकला बराच वेळ कागदाकडं बघत बसला. मग त्यानं खरं काय ते सांगितलं. भीती गल्लीची नव्हती. "ती माझ्याबद्दल काय सांगंल, ते मला कळणारच नाही ना?"

"नाही कळणार," मी म्हणालो. "तुला ऐकायचं असेल तर तू वेगळं विचार. घरी, आज रात्री."

तो काही बोलला नाही. चहाचे पैसे देऊन गेला.

काल पुन्हा आला. रविवारी सकाळी दहाची वेळ ठरलीय म्हणाला. आधी बायकोची मुलाखत, मग त्याची.

"घर दोन खोल्यांचं, आवाज जातो इकडचा तिकडं," तो म्हणाला. "म्हणून आईला घेऊन पारदेश्वराच्या देवळात जाणार आहे. तासाभराचं काम हाय म्हणाल्या मॅडम. मी दोन तास लावतो."