वराडकर आपले, मग परेड परकी कशी?

काल न्यू यॉर्कमधल्या आमच्या सनीसाइडची सेंट पॅट्रिकची, म्हणजे आयरिश लोकांच्या सणाची, परेड पाहून आले आणि हौसेने चार छायाचित्रे आमच्या मराठी ग्रुपवर टाकली. आज सकाळी त्याखाली एका ज्येष्ठ स्नेह्यांचा मेसेज होता की मुलांना असल्या ठिकाणी नेऊ नये, आणि खरी परेड पाहायचीच असेल तर सतरा तारखेला मॅनहॅटनच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर जावे. पाठोपाठ होकाराच्या अंगठ्यांची रांग लागली. चारांपैकी एका छायाचित्रात समलिंगी मंडळींचे इंद्रधनुषी झेंडे होते, त्यामुळे आक्षेप कशाला होता हे वेगळे सांगायला नको. उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेले, म्हणून ग्रुपऐवजी इथे लिहीत आहे.

आधी या 'खऱ्या' परेडविषयी. फिफ्थ अॅव्हेन्यूची परेड १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिका हा देश जन्माला येण्याच्याही आधीची आहे. तिचा थाट, तिची शिस्त, तिथले पाइप बँड यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण १९९१ साली आयरिश समलिंगी स्त्री-पुरुषांचा एक गट, स्वतःचा फलक न घेता, एका आयरिश संघटनेच्या शाखेचे पाहुणे म्हणून त्या परेडमध्ये चालला आणि तेव्हाचे महापौर डेव्हिड डिंकिन्स त्यांच्या सोबतीने चालले, तर दुतर्फा उभ्या असलेल्या प्रेक्षकांनी खुद्द शहराच्या महापौरावर बिअरचे कॅन फेकले. त्यानंतर त्या गटाला दार बंद झाले. शेवटी आयरिश कार्यकर्ते ब्रेंडन फे आणि त्यांच्या सोबत्यांनी २००० साली क्वीन्समध्ये, आमच्या स्किलमन अॅव्हेन्यूवर, सर्वांसाठी खुली अशी स्वतंत्र परेड सुरू केली, आणि पहिल्याच वर्षी सिनेटची निवडणूक लढवणाऱ्या हिलरी क्लिंटन तीत चालून गेल्या. फिफ्थ अॅव्हेन्यूवर समलिंगी गटाला स्वतःच्या फलकासह पाऊल टाकायला २०१५ साल उजाडावे लागले. खरेपणाचा हा हिशेब ज्यांना पटतो त्यांना पटो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आयरिश आजोबा राहतात. मेयो परगण्यातले, रोज सकाळी चर्चला जाणारे, आणि इतकी वर्षे आमच्या गल्लीतल्या या परेडकडे पाठ फिरवून बसणारे. या वर्षी त्यांची नात नाचणाऱ्या मुलींमध्ये होती, म्हणून ते घडीची खुर्ची घेऊन पदपथावर आले आणि नेमके आमच्याच शेजारी बसले. मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात चहाच्या फडक्यात गुंडाळलेला सोडा ब्रेड, मनुका आणि शहाजिरे घातलेला, वर लोण्याचा बोटभर थर. मुली आल्या, कुरळ्या केसांचे टोप, थंडीने लाल झालेले गुडघे, डांबरावर टाचांचा खटखटाट. आजोबांचा पाय खुर्चीखाली आपोआप ताल धरू लागला. मेयोचा फलक आला तेव्हा त्यांनी टोपी काढली. मागोमाग बोलिव्हियाचे नर्तक, कोरियन ढोलवाले, कुत्र्यांना हिरवे सदरे घालून निघालेली मंडळी, आणि मग ते इंद्रधनुषी झेंडे. आजोबांनी टाळी वाजवली नाही. पण खुर्चीही फिरवली नाही. झेंडे पुरते पुढे जाईपर्यंत हात गुडघ्यांवर ठेवून समोर पाहत राहिले आणि मग माझ्या मुलाला ब्रेडचा आणखी एक तुकडा कापून दिला.

आता आमच्या ग्रुपकडे वळते. २०१७ च्या जूनमध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा याच ग्रुपवर काय उधाण आले होते ते मला चांगले आठवते. मालवण तालुक्यातल्या वराड गावचा नातू, कोकणचा सुपुत्र, मराठी पाऊल पडते पुढे! त्यांचे वडील डॉक्टर, ते कधी विलायतेला गेले, घर कुठे आहे, सगळी कुंडली मांडून झाली. मात्र ते स्वतः समलिंगी असल्याचे त्यांनी २०१५ मध्येच जाहीरपणे सांगितले होते, ही बाब त्या अभिनंदनाच्या पुरातून अलगद गाळली गेली. २०१८ साली ते आपल्या जोडीदारासह त्याच 'खऱ्या' फिफ्थ अॅव्हेन्यूवर चालले, तेही कोणी पुढे पाठवले नाही. २०१९ च्या अखेरीस ते आईवडील, बहिणी आणि जोडीदार यांच्यासह वराडला गेले आणि गावाने त्यांचे स्वागत केले. सिंधुदुर्गातल्या एका खेड्याला जे जमले ते न्यू यॉर्कमध्ये अर्धे आयुष्य काढलेल्या सुशिक्षितांना जमू नये? आडनावापुरता माणूस आपला म्हणायचा आणि उरलेला परत करायचा, असा हा अभिमान आहे. कोणत्या तोंडाने आपण हे करतो?

माझ्या मुलाने मोठ्या ऐटीत आजोबांना सांगितले की तुमचे आधीचे पंतप्रधान आमच्या बाजूचे होते. त्यावर आजोबांनी वराडकरांच्या खासगी आयुष्याविषयी अवाक्षर काढले नाही. डब्लिनमध्ये घरांची भाडी कुठे जाऊन पोहोचली आणि बहिणीच्या नातवाला अजून आईबापांच्याच घरी का राहावे लागते, यावरून मात्र बिचाऱ्या वराडकरांना त्यांनी माझ्या मुलाच्या साक्षीने यथेच्छ झोडपले. मला तर हे फार आवडले. राजकारण्याला घरभाड्यावरून शिव्या घालणे हा खरा आपलेपणा आहे, आपण जे केले ती नुसती आरास होती.

दुसरी बाजूही एका ओळीत नोंदवते. परेड संपल्यावर वुडसाइडकडच्या बारांबाहेर गर्दी उसळते, हिरव्या टोपीतला एखादा तरुण कोणाच्या तरी पायरीवर ओकतो, आणि ते दृश्य मुलांना दाखवण्यासारखे नसते, हे मान्य. परंतु विसर्जनाच्या मिरवणुकीत काय काय चालते हे ठाऊक असलेल्यांनी त्यावरून नाक मुरडू नये.

दर गणेशोत्सवात हेच स्नेही लोकमान्यांवर भाषण करतात आणि ते फार सुंदर करतात. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, ती हाकच मुळी आयर्लंडची होती, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये बंडखोरांनी पोस्टाच्या कचेरीसमोर आपला जाहीरनामा वाचला, हे मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकले. राष्ट्राच्या सर्व लेकरांना सारख्याच मायेने जपू, असे त्या जाहीरनाम्यात म्हटले आहे, आणि आमच्या परेडने तेच वाक्य आपले ब्रीद म्हणून घेतले आहे. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धर्माने अल्पसंख्य असलेले देशबांधव होते, झेंडेवाले नव्हते, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण मायेच्या वाक्याला हद्द कुठे आखायची हे पुढच्या पिढ्या ठरवतात. आयर्लंडने ते २०१५ मध्ये समलिंगी विवाहावर सार्वमत घेऊन, सुमारे ६२ टक्के मतांनी ठरवले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा काच काढला. कायदा आपलाही बदलला आहे, मंडळी. ग्रुपपर्यंत बातमी पोहोचायची तेवढी राहिली.

हे सगळे रागाने लिहिले खरे, परंतु ज्यांच्यावर रागावले त्यांनीच मला या शहरातल्या पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोट आणून दिला होता आणि माझ्या बाळंतपणात त्यांच्या घरून महिनाभर डबा येत होता. माणूस वाईट नाही. त्यामुळेच जास्त लागते. परक्याने म्हटले असते तर अंगठे मोजत बसले नसते. मला त्यांच्याकडून टाळ्या नको आहेत, त्यांची मते एका दुपारीत बदलावीत अशीही अपेक्षा नाही. मेयोच्या म्हाताऱ्याने केले तेवढे करावे, येऊन बसावे आणि खुर्ची फिरवू नये. आणखी एक गोष्ट लिहू की नको असे मघापासून चालले आहे. आपल्या ग्रुपमधल्या घरांत पंचवीस-तीस मुले वाढत आहेत, आणि 'असल्या ठिकाणी' हे शब्द त्यांच्यापैकी कोणाच्या डोळ्यांसमोरून आज सकाळी गेले असतील, हे आपल्यापैकी एकाही आईबापाला ठाऊक नाही.

असो, कामाचे बोलते. पुढच्या वर्षीही परेड मार्चच्या पहिल्या रविवारी असेल. सात नंबरच्या गाडीने फॉर्टी-सिक्स्थ स्ट्रीटला उतरून उत्तरेला थोडे चालले की स्किलमन अॅव्हेन्यू लागते. बोलिव्हियाचे आणि कोरियाचे लोक तिथे वाजतगाजत चालतात, तर लेझमीचा एक ताफा आपणही का नेऊ नये? लेझमी माझ्या तळघरात धूळ खात पडल्या आहेत. हलगी वाजवणारा एक जण हवा, आणि तरुण मुलामुलींची नावे कमेंटमध्ये द्या; आईवडिलांना विचारून.