‘लाखाच्या आतला सॅक्सोफोन घेऊच नका’ या सल्ल्याला उत्तर

गोव्यातल्या पालकांच्या आणि संगीतवर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: लाखाच्या आतला सॅक्सोफोन म्हणजे खेळणे. जुना तर मुळीच नको, आपल्या दमट हवेत पितळ आतून सडते. घ्यायचाच तर चांदीचा मुलामा असलेला नवा घ्या. मुलाला आधी छोटा सोप्रानो द्या, मग अल्टो, मग टेनर (हे सॅक्सोफोनचे लहानापासून मोठ्याकडे जाणारे प्रकार). आणि आवाज फुलत नसेल तर दोन वर्षांनी वरच्या श्रेणीचे वाद्य घ्या. हे वाचून ‘आपल्याला परवडणारे नाही’ म्हणत मुलांचा वर्ग थांबवणारी घरे मी फोंडा-डिचोलीकडे पाहिली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

किमतीच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे. ऑनलाइन वीस-पंचवीस हजारांत मिळणारे, कुणाचेच नाव नसलेले चकचकीत नवे सॅक्सोफोन मीही घेऊ देणार नाही. त्यांच्या कळा मऊ धातूच्या असतात, थोड्या दाबाने वाकतात, आज जुळवलेले वाद्य महिन्याभरात पुन्हा बिघडते. अनेक कारागीर अशी वाद्ये हातात घ्यायलाच तयार नसतात. पण म्हणून थेट लाखावर उडी का मारायची? मधला मोठा पट्टा संदेशात आलेलाच नाही: नावाजलेल्या कंपन्यांची विद्यार्थ्यांसाठी बनवलेली, पण वापरलेली वाद्ये. यामाहाचा वायएएस-२३ हे त्याचे ठळक उदाहरण. हे मॉडेल शाळकरी बँडसाठी बनलेले, त्यामुळे मुलांच्या हातचे धक्के सोसेल अशी त्याची बांधणी आहे आणि ते दुरुस्त करणारा माणूस मिळतो. ज्युपिटरचेही तसेच. शिवाय असे वाद्य नीट ठेवले तर पुढे विकताना घातलेल्या पैशांतले बरेचसे परत येतात. बिननावी वाद्य मात्र घेतल्या दिवशीच निम्म्यावर येते.

पन्नास हजार हाताशी असतील तर माझी मांडणी अशी असेल: वाद्यावर अडतीस-चाळीसच्या वर जायचे नाही, सहा-सात हजार कारागिरासाठी बाजूला ठेवायचे, उरलेले माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि रीड्स (त्यावर बसणाऱ्या, फुंकरीने थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या) यांसाठी. सगळी रक्कम वाद्याच्या नळीवर घालून मग फुटकी रीड लावून वाजवायचे, यासारखा पैशांचा दुरुपयोग नाही.

आता जुन्या वाद्याचा आणि दमट हवेचा मुद्दा, जो सगळ्यांत जास्त घाबरवतो. पितळ लोखंडासारखे गंजत नाही. त्यावर डाग पडतात, लॅकर (वरचा चकचकीत लेप) उडाले तर ते काळवंडते, पण त्याने सूर बिघडत नाही. आपल्या खाऱ्या हवेत गंजतात ते पोलादी भाग: कळांच्या आतल्या दांड्या आणि सुईसारख्या स्प्रिंगा. त्यांना अधूनमधून तेलाचा थेंब पुरतो. आणि चांदीचे म्हणाल तर दमट हवेत तीही काळी पडते, त्यामुळे मुलाम्यासाठी जादा पैसे मोजून गोव्यात काहीच साधत नाही.

पावसाळ्यात खरे हाल होतात ते पॅडचे. सॅक्सोफोनची भोके झाकणारी ही पॅड म्हणजे नमद्यावर चढवलेले पातळ कातडे. अल्टोवर अशी पंचविसाच्या आसपास असतात. ओल धरली की ती फुगतात, चिकटतात, त्यांना बुरशी येते. पण ही गोष्ट नव्या वाद्यालाही चुकत नाही. वाजवून झाल्यावर आतून कापड ओढायचे, ओले वाद्य लगेच पेटीत बंद करायचे नाही, जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या बदलत राहायच्या. एवढी शिस्त असेल तर वाद्याचे वय आडवे येत नाही.

जुने वाद्य नाकारण्याचा सल्ला तर गोव्यातच सगळ्यांत जास्त खटकतो. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून इथल्या मुलांना नोटेशन शिकवले जात होते. तिथून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत, बोटींवर आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोचले. त्यांच्यातल्या कितीकांची वाद्ये सासष्टी-बार्देशातल्या घरांत कपाटावर पडून आहेत. पुढची पिढी वाजवत नाही, वस्तू टाकवत नाही. विचारले तर ती मिळतात, फक्त पारखून घ्यायला हवीत.

पारख अशी. वरच्या सुरांवर भुलू नका, ते गळक्या वाद्यावरही निघतात. खालच्या डीपासून सगळ्यांत खालच्या बी फ्लॅटपर्यंत हळू फुंकरीने उतरत जा. सूर थरथरला, एकदम वरच्या सप्तकात उडाला किंवा कळा चेपल्याशिवाय निघेनासा झाला, तर कुठेतरी हवा गळते आहे. मग अंधाऱ्या खोलीत एलईडीची बारीक माळ नळीत सोडा आणि एकेक कळ हलकेच मिटा. पॅडच्या कडेने उजेड दिसला की गळती सापडली. दोन-चार पॅड बदलणे मोठे काम नाही. सगळीच बदलायची असतील तर तो खर्च किमतीतून वळता करून मागा. घंटेवरचा (वाद्याच्या रुंद तोंडावरचा) पोचा सोडून द्या, मानेचा (माउथपीस बसतो त्या वाकड्या नळीचा) सोडू नका: मान खाली वाकलेली किंवा तिची गोलाई चपटलेली असेल तर सूर जुळणार नाहीत. कळ बाजूला हलवून बघा, खूप डुलत असेल तर दांड्या झिजल्या आहेत. फार जुन्या अमेरिकन वाद्यावर ‘हाय पिच’ अशी खूण किंवा नुसता ‘एच’ दिसला तर कितीही सुंदर असो, घेऊ नका. त्याचे सूर आजच्यापेक्षा चढे असतात, ते आजच्या हार्मोनियमशी कधीच मिळणार नाहीत.

सोप्रानोपासून चढत जाण्याचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे. सोप्रानो आकाराने लहान, पण सुरात ठेवायला या प्रकारांत सगळ्यांत कठीण. ओठ जरा हलला की सूर सरकतो. नवशिक्याला अल्टोच बरा. अल्टो, टेनर या परीक्षेच्या इयत्ताही नाहीत. कद्री गोपालनाथ यांनी अल्टोवरच कर्नाटक संगीत उभे केले. घरात पेटी (हार्मोनियम) असेल तर एवढे ध्यानात ठेवा: अल्टोवर सीची बोटे धरली की पेटीवरची काळी दोन ऐकू येते, टेनरवर काळी पाच. नाट्यगीताला साथ करायची असेल तर गायकाची पट्टी पाहून वाद्य निवडा, वय पाहून नव्हे.

राहिला वरच्या श्रेणीचा प्रश्न. १५ मे १९५३ ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये जाझमधला थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर ग्राफ्टन नावाच्या प्लास्टिकच्या अल्टोवर वाजवत होता, आणि ते ध्वनिमुद्रण आजही ऐकले जाते. आवाज घडतो तो आधी फुंकर, मग रीड आणि माउथपीस यांतून, नळी त्यानंतर. म्हणून बदलही त्याच क्रमाने करा. वाद्याबरोबर आलेला अनोळखी माउथपीस काढून यामाहाचा ४सी लावा, दोन किंवा अडीच नंबरची (नंबर म्हणजे कडकपणा) रीड घ्या, तीन-चार रीड्स आलटून पालटून वापरा आणि सपाट ठेवून वाळवा. पुढे हात बसला की सेल्मरचा सी स्टार किंवा मायरचा ५ हा माउथपीस लावून बघा. माउथपीस तुमच्याबरोबर पुढच्या वाद्यावरही येतो, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही.

त्यानंतरही अडत असेल तर कारागिराकडून वाद्य जुळवून आणा आणि तुमचा माउथपीस लावून सरांना वाजवायला द्या. त्यांच्या फुंकरीलाही तोच सूर तिथेच अडखळला, तर वाद्य विकायला काढा.