बाबांचा ट्रेलर आणि म्हणे बिनरक्ताचं युद्ध

आज सकाळी आमच्या दहावीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, सायबर युद्ध परवडलं, बॉम्ब नाही, रक्त नाही, कुणाचं काही जात नाही. वर आठ जणांचे अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय.

२८ जून २०१७. बाबा तेव्हा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. मागे कांद्याचा कंटेनर, फॉर्म १३, म्हणजे कंटेनर बंदरात आत न्यायचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात, आणि टर्मिनलचं गेट बंद. फोन केला तर म्हणाले, "शिस्टीम बंद हाय म्हनतात, बाकी कोन काय सांगंना." करळ फाट्याच्या लायनीत केबिनमध्येच दोन रात्री काढल्या त्यांनी.

झालं होतं असं की आदल्या दिवशी युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सोडला होता. दिसायला खंडणीचा व्हायरस, पण पैसे भरून डेटा परत मिळणारच नव्हता, तो बनवलाच होता पुसून टाकायला. तिथल्या हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर गेले, एटीएम गेली, चेर्नोबिलला माणसांनी हातात मीटर घेऊन रेडिएशन मोजलं. तिथून तो मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीत घुसला, मर्स्कच्या ग्रुपची टर्मिनलं जगभर अडकली, आणि त्यातल्या एकाच्या गेटबाहेर माझा बाप.

२०१८ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने रशियाच्या लष्कराचं नाव घेतलं, २०२० मध्ये अमेरिकेने जीआरयूच्या, म्हणजे रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या, सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले, रशिया नाहीच म्हणतो. पुढे काय? युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ९१ सरळ सांगतं की सैन्यातल्या माणसांनी जे केलं त्याला तो देश जबाबदार, भरपाईसकट. मग बंदुकीऐवजी कीबोर्ड घेतला की तो सैनिक राहत नाही का? तर म्हणे त्याच प्रोटोकॉलच्या कलम ४९ प्रमाणे हल्ला म्हणजे हिंसा, आणि सायबर युद्धाला कायदा कसा लागतो हे सांगणारं टालिन मॅन्युअल लिहिणारे बहुतेक तज्ज्ञ म्हणतात डेटा ही वस्तूच नाही, त्यामुळे नुसता पुसला तर हल्ला धरायचा कसा. अरे, हॉस्पिटलातला पेशंटचा रेकॉर्ड वस्तू नाही तर काय आहे?

आणि विमा कंपन्या बघा. कॅडबरीवाल्या मोंडेलीझचा क्लेम विमा कंपनीने नाकारला, कारण काय, तर हे युद्धासारखं कृत्य आहे. म्हणजे पैसे बुडवायचे तेव्हा युद्ध आणि जाब विचारायचा तेव्हा व्हायरस.

बरं, मान्य, कुणी केलं हे सिद्ध करणं अवघड असतं, आणि भाडोत्री हॅकर असले तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १९८६ च्या निकाराग्वा निकालाप्रमाणे सरकारचं नियंत्रण दाखवावं लागतं. पण इथे आरोप खुद्द लष्करातल्या लोकांवर आहे ना!

बाबांना त्या दोन दिवसांचं काही मिळालं नाही, खेपेचे ठरलेले तेवढेच. घरी आले तेव्हा पाय सुजले होते, आईने गरम पाण्यात मीठ टाकून दिलं, आणि ते पहिलं काय बोलले तर "कांद्याला कोंब आलं असतील गं." आपलं दुखणं नाही, कुणाच्या तरी मालाची काळजी. कीव्हमधल्या हॉस्पिटलात त्याच रात्री कोणी नर्स वहीत हाताने नावं लिहीत बसली असेल, तिचं मला आज फार वाटतंय.

ज्याने सकाळी ते लिहिलं, मित्रा, तू आमच्याकडे जेवला आहेस. रविवारी ये, बाबा घरीच असतात, त्यांच्यासमोर बस आणि सांग की कुणाचं काही गेलं नाही.