नोटिशीने मुदत थांबत नाही : मोडलेल्या सौद्याविषयी फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

सांगलीचे मार्केट यार्ड, तासगावची बेदाणा बाजारपेठ आणि कुपवाड-मिरजेची औद्योगिक वसाहत या भागातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश सध्या वरचेवर येतो. त्याचा आशय असा : सौदा मोडला आणि करार पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला नसेल, तर कोर्टात त्याला किंमत नाही, म्हणून पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्यावी, पैसे आपोआप येतात, वकिलाची नोटीस पाठवत राहावी, कारण नोटीस गेली की दावा दाखल करण्याची मुदत थांबते, करारात लिहिलेला दंड कोर्ट जसाच्या तसा देते, आणि दावा करायचाच झाला, तर तो समोरच्याच्या गावी जाऊन करावा लागतो. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, पण सर्वांत महाग पडणारे विधान नोटिशीचे आहे. त्यामुळे संदेशातला क्रम सोडून आधी तेच घेतो.

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे करारभंगाच्या भरपाईचा दावा करारभंगाच्या दिवसापासून ३ वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. विकलेल्या मालाच्या किमतीसाठीही मुदत ३ वर्षांचीच आहे. फक्त उधारीची मुदत ठरलेली नसेल तर ती माल पोहोचवल्या दिवसापासून मोजतात आणि ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. समजा, १० एप्रिल २०२३ रोजी ६० दिवसांच्या उधारीवर बेदाणा दिला. पैसे ९ जून २०२३ ला देय झाले, म्हणजे दाव्यासाठी ९ जून २०२६ पर्यंतचाच वेळ आहे. मधल्या काळात दहा नोटिसा पाठवल्या तरी ही तारीख एका दिवसानेही पुढे जात नाही. ‘दिवाळीनंतर बघू’, ‘हळदीचा सीझन होऊ दे’ या तोंडी वायद्यांनीही जात नाही. ती पुढे जाते ती समोरच्याने मुदत संपण्यापूर्वी, स्वतःच्या सहीने, येणे लेखी मान्य केले तर. किंवा त्याने मुदतीत काही रक्कम भरली आणि तशी नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली तर. म्हणून वर्षअखेरीस खातेउतारा पाठवून त्यावर ‘बाकी मान्य’ अशी सही घेण्याची जुन्या पेढ्यांची पद्धत निव्वळ औपचारिकता नव्हती. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अपील किंवा अर्जाला झालेला उशीर न्यायालय सबळ कारण पाहून माफ करू शकते. मूळ दाव्याच्या बाबतीत ती सवलत नाही.

नोटीस निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. मागणी नेमकी काय होती आणि समोरच्याने तिला काय उत्तर दिले, हे तिच्यामुळे कागदावर येते. मात्र साध्या खासगी करारभंगाच्या दाव्यात ती कायद्याने बंधनकारकही नाही. बंधनकारक आहे ती वेगळीच पायरी, जिचा संदेशात उल्लेखही नाही. वाणिज्य न्यायालये कायदा, २०१५ मध्ये २०१८ साली दुरुस्ती होऊन ३ लाख रुपये व त्यावरचे व्यापारी वाद या कायद्याखाली आले. अशा दाव्यात तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करावाच लागतो. ही पायरी गाळलेला दावा फेटाळण्यास पात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मध्यस्थीसाठी ३ महिने आणि उभयतांची संमती असल्यास आणखी २ महिने मिळतात. हा काळ मात्र मुदतीतून वगळला जातो. थोडक्यात, घड्याळ थांबवण्याचे जे काम नोटीस करते असे संदेश सांगतो, ते प्रत्यक्षात हा अर्ज करतो.

आता पोलिसांकडे जाण्याच्या सल्ल्याविषयी. सौदा करतानाच समोरच्याच्या मनात बुडवण्याचा हेतू होता हे दिसत असेल, म्हणजे खोटे नाव, अस्तित्वातच नसलेले दुकान किंवा बनावट कागद असा प्रकार असेल, तर फिर्याद जरूर द्यावी. परंतु भाव पडला म्हणून माल उचलला नाही, किंवा पैसे अडकले म्हणून बिल थकले, ही फसवणूक नव्हे. सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू असल्याखेरीज नुसता करारभंग फसवणुकीचा गुन्हा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आणि त्यानंतर अनेकदा पुन्हा सांगितले. अशा अर्जावर बहुधा ‘बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने सक्षम न्यायालयात दाद मागावी’ असे उत्तर हातात पडते. तोपर्यंत वर्ष-दीड वर्ष गेलेले असते आणि ते ३ वर्षांतूनच गेलेले असते. न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण निराळे. तिथे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि संदेशकर्त्याचा गोंधळ कदाचित तिथूनच सुरू झाला असावा.

स्टॅम्पविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मालविक्रीचा करार तोंडीही होतो, असे मालविक्री कायदा, १९३० स्वतःच म्हणतो, आणि ज्या दस्ताला मुद्रांक आवश्यक होता त्यावर तो कमी असल्यास शुल्क व दंड भरून तो दस्त पुराव्यात वाचता येतो. अडचण असते ती सिद्ध करण्याची. बिल, बिल्टी (माल वाहतुकीची पावती), कोल्ड स्टोरेजची पावती, बँकेतल्या नोंदी आणि व्हॉट्सअॅपवर ठरलेला भाव हे सारे एकत्र ठेवले की तोंडी सौदाही उभा राहतो. मात्र व्हॉट्सअॅपचे निव्वळ स्क्रीनशॉट छापून जोडणे पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत ती नोंद कोणत्या उपकरणातून कशी घेतली याचे प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून मूळ फोन विकून टाकू नये.

दंडाचे विधान अर्धवट खरे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत न्यायालय वाजवी वाटेल तेवढी भरपाई देते. समजा, १० टन बेदाणा १८० रुपये किलोने ठरला, विकणाऱ्याने दिला नाही आणि त्या दिवशी बाजारात तोच भाव २०० रुपये होता. इथे नुकसान २ लाखांचे दिसते, मग करारात ५ लाखांचा दंड लिहिलेला असला तरी पाचही लाख हाती येतील हे गृहीत धरू नये. अशा वेळी बाजार समितीतील त्या दिवसाच्या भावाची नोंद कराराच्या भाषेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

दाव्याच्या ठिकाणाचा मुद्दा आणखी सरळ आहे. प्रतिवादी इंदूरचा असला, तरी सौदा सांगलीत झाला असेल किंवा माल इथून द्यायचा असेल, तर दाव्याचे कारण अंशतः इथे घडते आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे दावा इथे चालू शकतो. बिलावर ‘सर्व वाद सांगली न्यायकक्षेत’ असे छापलेले असल्यास अधिकार असलेल्या दोन न्यायालयांपैकी सांगलीची निवड झाली असे म्हणता येते; पण सांगलीत काहीच घडलेले नसेल तर त्या छापील ओळीने अधिकार निर्माण होत नाही.

संदेशात नसलेला, पण आपल्या पेठेत वारंवार आड येणारा एक मुद्दा राहिला. अनेक पेढ्या भागीदारीत चालतात आणि भागीदारीपत्र कपाटात असते, पण निबंधकाकडे नोंदणी केलेली नसते. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे अशा पेढीला त्रयस्थाविरुद्ध करारावर आधारित दावाच करता येत नाही, आणि दावा दाखल केल्यानंतर नोंदणी केल्याने आधीचा दोष निघत नाही. नोंदणी करून नवा दावा आणता येतो, मात्र तोही त्याच ३ वर्षांच्या आत.